रस्त्यावरील व्यावसायिक सायकल शर्यत : परंपरा आणि उत्तेजकांचा संशय

रस्त्यावरील व्यावसायिक सायकल शर्यत हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम युरोपात रुजलेला क्रीडाप्रकार असून तूर द फ्रान्स, जिरो द’इटालिया व वुएल्ता आ एस्पान्या या तीन आठवड्यांच्या महाशर्यती आणि पॅरिस–रुबेसारख्या एकदिवसीय शर्यती ही त्याची मुख्य रूपे होत. या खेळात छापील नियमांइतकेच वजन अलिखित संकेतांना आहे आणि उत्तेजक द्रव्यांचा संशयही त्याला जवळजवळ जन्मापासून चिकटलेला आहे. या दोन बाबी सहसा वेगवेगळ्या सांगितल्या जातात, एक खेळाचे वैभव म्हणून आणि दुसरी त्याचा कलंक म्हणून. परंतु सायकलपटूंना एकमेकांना सांभाळून घ्यायला लावणाऱ्या बांधिलकीतून हे संकेत निर्माण झाले, त्याच बांधिलकीच्या आडोशाने उत्तेजकांचा व्यवहार दीर्घकाळ झाकला गेला, असे इतिहास पाहता दिसते.

संकेतांचे मूळ वाऱ्यात आहे. समोरच्या सायकलच्या आडोशाने चालणाऱ्याचे पाव ते एक-तृतीयांश श्रम वाचतात. त्यामुळे दीडशेहून अधिक स्पर्धक बहुतेक वेळ एकाच घोळक्यात (पेलोतोन) चालतात आणि महाशर्यतीत आठ जणांच्या संघातले सात जण एका नायकासाठी वारा झेलतात, पाण्याच्या बाटल्या वाहतात, प्रसंगी स्वतःचे चाक काढून देतात. गोव्यातील वाचकाचा येथे घोटाळा होण्याचा संभव आहे. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘आयर्नमॅन ७०.३’ या पोहणे, सायकल व धावणे अशा तिहेरी स्पर्धेत ९० किमी. सायकल चालवावी लागते, पण तेथे दुसऱ्याच्या आडोशाला राहिल्यास दंड होतो. व्यावसायिक रस्ता शर्यत मात्र आडोशावरच उभी आहे. प्रतिस्पर्ध्याच्या मागे दडल्यावाचून तेथे जिंकता येत नाही, आणि म्हणून त्याच्याशी फार काळ वैर धरूनही भागत नाही.

यातूनच पुढचे रिवाज पडले. आघाडीचा सायकलपटू लघवीला थांबला असता त्याच्यावर चाल करू नये. पिवळी जर्सी (तूरमध्ये एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याची खूण) घातलेला पडला किंवा त्याची सायकल बिघडली तर त्याचा फायदा घेऊ नये. शर्यत एखाद्याच्या गावातून जात असेल तर त्याला घरच्यांना भेटण्यासाठी पुढे जाऊ द्यावे. पॅरिसमधील अखेरच्या दिवशी पिवळ्या जर्सीला आव्हान देऊ नये. पिवळी जर्सी १९१९ पासून दिली जाते आणि तिचा रंग शर्यत भरवणाऱ्या ‘लोतो’ या वृत्तपत्राच्या पिवळ्या कागदावरून घेतला, असे मानतात. १९३४ साली वीस वर्षांच्या रने व्हिएत्तोने पिरेनीज पर्वतात आपला नायक आंतोनँ मान्य याला स्वतःचे चाक दिले आणि मदतीच्या गाडीची वाट पाहत तो कठड्यावर रडत बसला. शर्यत मान्यने जिंकली. लोकांच्या लक्षात राहिला तो व्हिएत्तो.

संकेत मोडला की काय होते, याचे उदाहरण १९ जुलै २०१० रोजी तूरमधील पोर्त द बालेस घाटात मिळाले. पिवळ्या जर्सीतील अँडी श्लेकने चाल केली आणि त्याच क्षणी त्याच्या सायकलची साखळी उतरली. आल्बेर्तो कोंतादोर न थांबता पुढे निघून गेला, त्याने त्या टप्प्यात (एका दिवसाच्या शर्यतीत) ३९ सेकंद कमावले व जर्सी घेतली. ती अंगावर चढवताना प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून त्याचा धिक्कार केला आणि रात्री त्याने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. तूरच्या अखेरीस दोघांतील फरकही ३९ सेकंदांचाच राहिला. पुढे त्याच शर्यतीतील विश्रांतीच्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल या बंदी असलेल्या द्रव्याचा अंश सापडल्याने २०१२ मध्ये कोंतादोरचे विजेतेपद काढून श्लेकला देण्यात आले. साखळीचा वाद आणि प्रयोगशाळेचा अहवाल यांचा निकाल शेवटी एकच लागला. मात्र पहिल्याची शिक्षा प्रेक्षकांनी तासाभरात दिली आणि दुसऱ्याला दीड वर्षाहून अधिक काळ लागला.

उत्तेजकांबाबत सुरुवातीला लपवाछपवीही फारशी नव्हती. १९२४ साली तूर सोडून आलेल्या पेलिसिए या सायकलपटू बंधूंनी पत्रकार आल्बेर लोंद्र यांच्यासमोर पिशव्या उघडून डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म आणि नाना गोळ्या दाखवल्या. फ्रान्सने १९६५ मध्ये उत्तेजकविरोधी कायदा केला व १९६६ च्या तूरमध्ये बोर्दो येथे प्रथम चाचण्या झाल्या, तेव्हा दुसऱ्या दिवशी सायकलपटूंनी उतरून चालत निषेध नोंदवला. १३ जुलै १९६७ रोजी ब्रिटनचा टॉम सिम्प्सन मों व्हाँतू पर्वतावर कोसळून मरण पावला. प्रखर ऊन, अँफेटामिन हे उत्तेजक आणि मद्य यांचा तो संयुक्त परिणाम होता. १,९०० मीटरांहून उंच असलेला हा उघडाबोडका माथा चोर्ला घाटाच्या दुपटीहून उंच आहे. चाचणी टाळण्याच्या युक्त्यांत १९७८ चा मिशेल पोलेंटिएचा प्रकार कुप्रसिद्ध आहे : आल्प द्युएझचा टप्पा जिंकून पिवळी जर्सी मिळवलेला हा बेल्जियन सायकलपटू काखेत दुसऱ्याच्या लघवीने भरलेला रबरी फुगा आणि त्याला जोडलेली नळी घेऊन डॉक्टरांसमोर उभा राहिला व पकडला गेला.

१९९० च्या दशकात तांबड्या रक्तपेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन (ईपीओ) या संप्रेरकाने खेळाचे स्वरूपच पालटले. अँफेटामिनने थकवा जाणवेनासा होई. ईपीओने प्राणवायू वाहण्याची क्षमताच वाढे आणि सायकल शर्यतींत त्याची चाचणी २००१ पर्यंत वापरात नव्हती. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने (यूसीआय) १९९७ मध्ये रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली. ही मर्यादा प्रत्यक्षात उद्दिष्ट ठरली, कारण संघांनी रक्त तपासण्याची छोटी यंत्रे सोबत बाळगून प्रमाण पन्नाशीच्या किंचित खाली ठेवण्याची कला साधली. ८ जुलै १९९८ रोजी बेल्जियमच्या सीमेवर फेस्टिना संघाचा कर्मचारी विली वोएट याच्या गाडीत उत्तेजकांच्या चारशेहून अधिक कुप्या सापडल्या. वोएटचे पद ‘स्वान्यर’, म्हणजे मालिश करणारा, जेवणाची पिशवी हाती देणारा, सायकलपटूच्या सर्वांत जवळचा माणूस; जिव्हाळ्याचे हेच नाते औषधपुरवठ्याची वाटही होते. पोलिसांच्या झडत्यांविरुद्ध सायकलपटूंनी रस्त्यावर ठाण मांडले आणि एक टप्पा रद्द करावा लागला. या प्रकरणानंतर १९९९ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्था (वाडा) स्थापन झाली.

उत्तेजकांविषयी बाहेर न बोलण्याचा, मौनाचा संकेत इटालियन गुन्हेगारी जगातून आलेल्या ‘ओमेर्ता’ या नावाने ओळखला जातो. १९९९ मध्ये उत्तेजकांविषयी उघडपणे लिहिणाऱ्या क्रिस्तॉफ बासाँ या सायकलपटूला घोळक्याने वाळीत टाकले आणि त्याने शर्यत सोडली. २००४ मध्ये लान्स आर्मस्ट्राँगसोबत काम करणारा डॉक्टर मिकेले फेरारी याच्याविरुद्ध साक्ष देणारा सायकलपटू फिलिप्पो सिमेओनी एका किरकोळ टप्प्यात पुढे निघाला, तेव्हा पिवळ्या जर्सीतील आर्मस्ट्राँगने स्वतः पाठलाग करून त्याला मागे फिरायला लावले व ओठांवरून बोट ओढून तोंड शिवल्याची खूण केली. सिमेओनीपासून आर्मस्ट्राँगच्या विजेतेपदाला काडीचाही धोका नव्हता. म्हणूनच शर्यतीच्या परंपरेत हा प्रसंग निराळा ठरतो. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या चौकशीनंतर २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. ती कुणालाच देण्यात आली नाहीत, कारण त्याच्यासोबत विजयमंचावर उभे राहिलेल्यांपैकी अनेकांची नावे अशाच प्रकरणांत आलेली होती.

२००८ पासून प्रत्येक व्यावसायिक सायकलपटूच्या रक्तातील चढउतारांची दीर्घकालीन नोंद (जैविक पारपत्र) ठेवली जाते. २०१६ मध्ये एका सायकलच्या चौकटीत दडवलेली मोटर सापडल्यावर सायकलींचीही क्ष-किरण तपासणी होऊ लागली. तरीही संशय ओसरलेला नाही; तो प्रयोगशाळेतून गणितात आला. घाटाची लांबी, चढ, वजन व वेळ यांवरून सायकलपटूची शक्ती काढायची आणि जुन्या दोषी विजेत्यांशी ताडून पाहायची, ही रीत पडली. स्लोव्हेनियाच्या ताडेय पोगाचारने २०२४ च्या तूरमध्ये प्लातो द बेय हा चढ इटलीच्या मार्को पंतानीच्या १९९८ च्या वेळेपेक्षा तीन मिनिटांहून अधिक लवकर पार केला, तेव्हा हीच आकडेमोड झाली. पोगाचारची एकही चाचणी दोषी आलेली नाही; हलक्या व वारा कापणाऱ्या सायकली, सुधारलेले टायर आणि शर्यतीत तासाला शंभर ग्रॅमहून अधिक पिष्टमय पदार्थ पचवण्याची तयारी ही कारणेही खरी आहेत. वेळेच्या तुलनेवरून प्रश्न विचारता येतो, दोष सिद्ध करता येत नाही, हा भेद चाहत्यांच्या वादात नेहमी निसटतो.

१९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली राहिलेल्या गोव्यात फुटबॉल खोल रुजला. १९२७ पासून होणाऱ्या ‘व्होल्ता आ पोर्तुगाल’ या पोर्तुगालमधील सायकल शर्यतीचे आकर्षण मात्र इकडे फारसे आले नाही. त्या देशाचा ख्यातनाम सायकलपटू जोआकिम आगोश्तिन्यो १९७८ व १९७९ मध्ये तूरमध्ये तिसरा आला, आणि त्याच्याही नावावर दोषी चाचण्या आहेत. २०२२ मध्ये पोलीस चौकशीनंतर डब्ल्यू५२–एफसी पोर्तो या तेथील बलाढ्य संघाची मान्यता गेली. गोव्यात आज या खेळाचा चाहतावर्ग मुख्यतः दूरचित्रवाणीवरचा आहे. जुलैत तूर चालू असते तेव्हा पावसामुळे येथील सायकलस्वारांच्या सकाळच्या फेऱ्याही मंदावलेल्या असतात. उत्तेजकांचा प्रश्न मात्र दूरचा राहिलेला नाही. २०२३ च्या गोव्यातील ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या (नाडा) चाचण्यांत निरनिराळ्या खेळांतील वीसहून अधिक खेळाडू दोषी आढळल्याचे वृत्त होते. २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने नाडाला वैधानिक दर्जा मिळाला असून सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनसारखे द्रव्यही स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणाबाहेर आढळल्यास दोष धरला जातो.