खाजन वाचवायचं तर आधी मानस बघा

गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या बांधावर भरतीच्या वेळी उभं राहिलं की एका बाजूला मांडवी नदीचं खारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला त्याहून खालच्या पातळीवरचं भाताचं शेत दिसतं. गोव्यात अशी सुमारे 18 हजार हेक्टर खाजन जमीन आहे. मधला बांध माती, पेंढा आणि चिऱ्यांचा.

बांधातली मानस म्हणजे चिऱ्यांच्या चौकटीतली लाकडी झडप. भरतीचं पाणी नदीकडून रेटू लागलं की ती आपोआप मिटते. ओहोटीला आतलं पाणी वरचढ झालं की तीच उघडते आणि पाणी नदीत जातं. पावसाळ्यात, सुमारे 3000 मिलिमीटर पावसाने, जमिनीतलं मीठ धुऊन याच वाटेने बाहेर पडतं. मग खारेपणा सोसणारा कोरगूट भात पिकतो. कापणीनंतर खारं पाणी बेताने आत घेतात. त्याबरोबर सुंगटांची म्हणजे कोळंबीची आणि माशांची पिल्लं येतात, पोंयीत म्हणजे आतल्या तळ्यात वाढतात आणि ओहोटीला मानशीच्या तोंडावर लावलेल्या जाळ्यात सापडतात.

म्हणजे खाजनाचा निसर्ग माणसाच्या हातावर चालतो. बांध फुटला आणि वेळेत बुजवला नाही, तर शेतात खारं पाणी मुरतं आणि काही वर्षांत तिथे खारफुटी माजते. बांधाबाहेरची खारफुटी मला हवीच आहे. ती लाटांचा जोर मोडते. पण आतल्या हिरवाईला पुनरुज्जीवन म्हणणं मला पटत नाही. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे एकदा ती वाढली की शेतकऱ्याला तिथे परत नांगर घालणं अवघड होऊन बसतं. किनारी नियमनाच्या 2011 च्या अधिसूचनेत खाजनांच्या रक्षणासाठी वेगळी तरतूद आहे, पण कागदावरच्या संरक्षणाने फुटलेला बांध सांधत नाही.

बुडालेलं शेत घाईने कोरडं करणंही धोक्याचं. खारफुटीच्या काळ्या चिखलात अनेकदा लोखंडाचं सल्फाइड असतं. पाण्याखाली ते निरुपद्रवी असतं. हवा लागली की त्याचं गंधकाम्ल होतं. अशा मातीत भात तग धरत नाही आणि आंबट पाणी पोंयीत उतरलं तर मासेही मरतात. म्हणून भगदाड बुजवल्यावर जमीन एकदम सुकवू नये. पावसाचं पाणी साठवून ओहोटीला थोडंथोडं सोडत मीठ उतरवावं.

खरा तंटा मानशीवरच्या हक्काचा. पूर्वी बांधांची देखभाल गावकरी संस्था, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्था, पाहायच्या. 1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क दिले. ते न्याय्यच होतं, पण बांध राखण्याची शिस्त मात्र बऱ्याच ठिकाणी सैल पडली. मासेमारीसाठी मानशीचा लिलाव होतो. जास्त सुंगटं मिळावीत म्हणून गरजेपेक्षा जास्त खारं पाणी आत घेतलं, की मीठ शेतात चढतं आणि जोराच्या येण्याजाण्याने बांधाचा पायाही पोखरला जातो. माझ्या मते पाणी कधी आणि किती घ्यायचं हे लिलावाच्या अटींतच लिहावं, पेरणीच्या आधी ते पूर्ण बंद असावं आणि लिलावाच्या पैशांतला ठरलेला वाटा त्याच बांधाच्या डागडुजीसाठी, पावसाळ्याआधी, खर्च व्हावा.