एका बिजागरीला दोन पडदे

एप्रिलच्या भर दुपारी रत्नागिरीकडच्या कातळावर उभं राहून टॅब्लेट उघडला, तर त्यात पुस्तक दिसत नाही. दिसतं ते आकाश आणि आपलाच घामेजलेला चेहरा. त्याच उन्हात ई-इंकचं, म्हणजे कागदावरच्या शाईसारखी अक्षरं उमटवणाऱ्या पडद्याचं, वाचनयंत्र धरलं तर ऊन जितकं कडक तितकी अक्षरं ठळक. रात्री वीज गेल्यावर पडवीत बसलं की नेमकं उलट होतं. जुन्या ई-इंकला स्वतःचा उजेड नाही, म्हणून ते काळोखात मुकं होतं आणि टॅब्लेट मात्र झळकत राहतो. किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचणाऱ्या माणसाला हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. हे दोन्ही पडदे एकाच यंत्रात का नसावेत, हा प्रश्न इथे अगदी सहज सुचतो.

तसं यंत्र, आँतुराज सिस्टिम्स या कंपनीचं एज, एकदा बाजारात आलं होतं आणि वर्ष-सव्वा वर्षात गेलंही. आता ई-इंक आणि रंगीत पडदा एकत्र असलेली उपकरणं पुन्हा दिसू लागली आहेत, तेव्हा त्या पहिल्या प्रयत्नाकडे नीट बघायला हवं. त्याला सरसकट फसलेला प्रयोग म्हणतात. मला ते पटत नाही. प्रश्न बरोबर ओळखला होता. चुकलं ते एवढंच, की दोन वेगळ्या स्वभावांच्या पडद्यांना एकाच बॅटरीवर आणि एकाच वजनात बांधलं.

ई-इंकची गोष्ट अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये सुरू होते. जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामातून १९९७ साली ई इंक ही कंपनी उभी राहिली. कल्पना सुरेख आहे. केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या, प्रत्येक कुपीत पातळ द्रव, त्यात पांढरे आणि काळे कण. दोघांचा विद्युतभार विरुद्ध. खालून विजेचा झटका दिला की एक रंग वर येतो आणि दुसरा तळाला जातो. एकदा वर आलेला कण तिथेच थांबतो, त्याला धरून ठेवायला वीज लागत नाही. वीज खर्च होते ती पान उलटताना. म्हणून अशी यंत्रं एका चार्जवर आठवडेच्या आठवडे चालतात. पण कणांना द्रवातून पोहत वर यायचं असल्यामुळे पान बदलायला क्षणभर लागतो, मागच्या पानाची सावली रेंगाळते आणि हलतं चित्र त्यावर बघवत नाही. सोनीचं लिब्रिए २००४ साली जपानमध्ये आलं, ॲमेझॉनचं किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये. दोन्ही करड्या छटांची, आणि दोन्हींचा पडदा सहा इंचांचा.

याच सुमारास कोकणाने या प्रश्नाचं एक वेगळं उत्तर बघितलं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट-धनगरवाडा नावाची लहानशी वस्ती आहे. ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली तिथल्या एकशिक्षकी शाळेत झाला. मुलांच्या हातात आला तो एक्सओ लॅपटॉप. त्याचा पडदा मेरी लू जेप्सन यांनी घडवला होता. मागचा दिवा लावला की रंगीत चित्र दिसायचं. दिवा बंद करून उन्हात नेला की तोच पडदा कृष्णधवल होऊन कागदासारखा वाचता यायचा. म्हणजे दोन पडद्यांची गरज एकाच पडद्याने भागवायची वाट. याच प्रकल्पाने मे २००८ मध्ये एक्सओ-२ हा पुस्तकासारखा उघडणारा, दोन पडद्यांचा नमुना जाहीर केला, पण तो प्रत्यक्षात कधी निघालाच नाही. जेप्सन यांनी पुढे पिक्सेल क्यूई ही कंपनी काढली. तिचा पडदा नोशन इंक या भारतीय कंपनीच्या ॲडम टॅब्लेटमध्ये २०११ च्या सुरुवातीला आला.

दुसरी वाट सरळ दोन पडदे लावण्याची. २००९ च्या अखेरीस बार्न्स अँड नोबल या अमेरिकी पुस्तकविक्रेत्या कंपनीने नूक हे वाचनयंत्र आणलं. वर सहा इंचांचा ई-इंक, खाली साडेतीन इंचांची रंगीत पट्टी. पट्टीवर बोट फिरवून पुस्तक निवडायचं आणि वर वाचायचं. ती पट्टी खरं म्हणजे शोभिवंत कळफलकच होती. बोटाचा स्पर्श ओळखणारा ई-इंक स्वस्त झाला, तशी तिची गरज संपली. २०११ च्या नूकमध्ये ती नव्हतीच.

खरं धाडस केलं ते अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या आँतुराज सिस्टिम्सने. मार्च २०१० मध्ये त्यांचं एज ग्राहकांच्या हाती पडू लागलं. वहीसारखं उघडायचं, एका बाजूला ९.७ इंचांचा ई-इंक, दुसऱ्या बाजूला १०.१ इंचांचा रंगीत एलसीडी, मधे बिजागरी. रंगीत बाजूला अँड्रॉइड. किंमत सुमारे ५०० डॉलर. डोळ्यांपुढे होता तो महाविद्यालयीन विद्यार्थी आणि त्याच्या पाठीवरची पाठ्यपुस्तकं.

या यंत्राच्या जमेच्या बाजूवर थोडं थांबायला हवं, कारण त्यातलं बरंचसं आजही सगळीकडे मिळत नाही. ई-इंकवर वॅकॉम या कंपनीच्या पेनाने लिहिता येत होतं. नुसत्या कोऱ्या पानावरच नव्हे, तर पुस्तकाच्या समासातसुद्धा. ओळ अधोरेखित करायची, कडेला शंका लिहायची, जुन्या पुस्तकांत आपल्या आजोबा-पणजोबांच्या पेन्सिलीच्या खुणा सापडतात तशी. आणि दोन्ही पडदे एकमेकांशी बोलत होते. डाव्या पानावर वाचताना दुवा आला तर तो उजवीकडे उघडायचा. पुस्तकातलं चित्र करडं दिसत असेल तर ते रंगीत पडद्यावर धाडता यायचं. वाचनाची जागा न सोडता संदर्भ बघणं ही अभ्यास करणाऱ्याची फार जुनी गरज. एका मांडीवर ग्रंथ आणि शेजारी कोश उघडा ठेवून बसणाऱ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या अशीच भागवली. शिवाय बिजागरी पूर्ण मागे वळायची, त्यामुळे हवा तोच पडदा समोर ठेवून वाचता यायचं.

मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. तेव्हाच्या अँड्रॉइडला देवनागरी येत नव्हती. मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसायचे, नाहीतर मात्रा-वेलांट्या सुटून पडायच्या. पण आपली बरीचशी जुनी पुस्तकं संगणकावर आहेत ती छायाप्रती म्हणून, पीडीएफमध्ये. तिथे अक्षर हेच चित्र, टंकाचा प्रश्नच येत नाही. अशा पीडीएफला लागतं मोठं पान. सहा इंचांच्या यंत्रावर ती वाचताना पान डावी-उजवीकडे सरकवून जीव मेटाकुटीला येतो. पावणेदहा इंचांचा ई-इंक म्हणजे जवळजवळ छापील पुस्तकाचं पान. एज पीडीएफ आणि ईपब (ई-पुस्तकांचा एक फाइल-प्रकार) दोन्ही वाचत असे. ते इथे त्या काळात पोचलं असतं तर वाचनालयांतून त्याचा खरा उपयोग झाला असता, असं मला मनापासून वाटतं.

आता उणं. वजन जवळजवळ तीन पौंड, म्हणजे १.४ किलोच्या आसपास. आरामखुर्चीत पडून वाचायला हे फार झालं. मनगट दहा मिनिटांत बोलू लागतं. ई-इंकची बाजू बोटाला दाद देत नव्हती, तिथे पेनच हवं. रंगीत बाजूला बोट चालायचं, पण दाबावं लागायचं. हात एका पडद्यावर एक सवय शिकायचा आणि दुसऱ्यावर ती विसरायचा. आणि सगळ्यात मोठं उणं बॅटरीचं. फक्त ई-इंक वापरला तर सोळा तास, रंगीत पडदा लावला तर सहा, असा कंपनीचा दावा होता. टॅब्लेटसाठी सहा तास ठीक. पण नुसत्या ई-इंकवर आठवडे काढणाऱ्याला सोळा तास म्हणजे काय? पडदा वीज खात नसला तरी त्यामागचा मेंदू दोघांचा मिळून एकच होता, आणि तो टॅब्लेटच्या भुकेचा होता. काटकसरी भावाचा संसार उधळ्या भावाच्या खात्यावर चढवला, तशी गत.

ही भूक कोकणात किती नडते ते ३ जून २०२० नंतर आम्ही बघितलं. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर आदळलं, माड आणि पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब जमिनीला टेकले. दापोली, मंडणगडकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे दिवे आले नाहीत. जनरेटरवर फोन चार्ज करायला रांगा लागायच्या, तिथे टॅब्लेट कोण चार्ज करणार! अशा दिवसांत एका चार्जवर महिनाभर टिकणारं वाचनयंत्र ही चैन उरत नाही. आणि पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ च्या पुरात, चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं पाण्यात गेली. कागदाचं किनाऱ्यावर काय होतं, कसर, बुरशी, दमट कपाटं, हे ज्याने पाहिलंय तो वाचनयंत्राची चेष्टा करत नाही.

एजला मारलं मात्र आणखी एका घटनेने. ३ एप्रिल २०१० रोजी ॲपलचा आयपॅड विक्रीला आला, जवळजवळ त्याच किमतीत आणि निम्म्या वजनात. लोकांनी उन्हातलं वाचन सोडून दिलं आणि पातळ, चकचकीत वस्तू घेतली. आँतुराजने पॉकेट एज ही सहा आणि सात इंचांच्या पडद्यांची छोटी आवृत्ती काढून बघितली, पण २०११ मध्ये सगळंच थांबलं. यंत्र बंद पडलं तेव्हा अँड्रॉइड बरंच पुढे गेलं होतं, आणि घेणारा जुन्या आवृत्तीत अडकला.

पुढे रशियन योटाफोनने २०१३ मध्ये फोनच्या पाठीला ई-इंक लावला, लेनोवोने २०१८ च्या योगा बुकमध्ये कळफलकाच्या जागी आणि २०२० च्या थिंकबुक प्लसमध्ये झाकणावर. सगळे चांगले प्रयत्न, एकही घरोघरी गेला नाही.

दरम्यान ई-इंकची बाजू एकटीच सुधारत गेली. २०१२ पासून किंडलला समोरून पडणारा मंद उजेड आला, त्यामुळे पडवीतल्या काळोखाचा प्रश्न सुटला. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली. पुढे बोटाने आणि पेनाने चालणारे दहा इंचांचे ई-इंकही मिळू लागले. आता दुपारी आंब्याच्या सावलीत माणूस मांडीवर ई-इंक घेऊन वाचतो आणि एखादा शब्द अडला की खिशातला फोन काढून कोश उघडतो. पडदे दोनच आहेत, मधली बिजागरी तेवढी गेली, आणि प्रत्येकाची बॅटरी ज्याची त्याची.