जामा मशीद, गुलबर्गा

कर्नाटकातील गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) येथील भुईकोट किल्ल्यातील बहमनीकालीन मशीद. हिला प्रांगण नाही. सर्वसाधारणपणे जामा मशिदीत पश्चिमेला नमाजाचे दालन, समोर उघडे आवार, मध्ये वजूचा (नमाजापूर्वी हातपाय धुण्याचा) हौज आणि कडेने ओवऱ्या असतात. गुलबर्ग्यात मात्र भिंतीपासून भिंतीपर्यंत सारे छताखाली आहे, आणि भारतातील मध्ययुगीन मशिदींत तिचे वेगळेपण मुख्यतः यातच आहे.

दिल्लीच्या तुघलक सत्तेविरुद्ध दौलताबादेस उठाव झाला आणि १३४७ मध्ये अलाउद्दीन हसन याने बहमनी राज्य स्थापिले. राजधानी गुलबर्ग्यास आली. त्याचा मुलगा पहिला मुहम्मदशाह (कार. १३५८–७५) याच्या काळात, शिलालेखानुसार हिजरी ७६९ म्हणजे इ. स. १३६७ मध्ये, मशीद उभी राहिली. त्याच लेखात रफी या वास्तुविशारदाचे नाव असून त्याचे घराणे इराणातील कझवीनचे होते. मध्ययुगीन वास्तूंवर राजाचे नाव हटकून येते, रचणाऱ्याचे क्वचितच. म्हणून हा उल्लेख मोलाचा.

वास्तू पूर्व-पश्चिम सुमारे ६६ मी. लांब असून तिने साधारण ३,५०० चौ. मी. जागा व्यापली आहे. एवढे क्षेत्र झाकले की आत अंधार दाटणार, हवा कोंडणार. रफीने यावर शोधलेला उपाय साधा आहे. किब्ल्याची (मक्केच्या दिशेची) पश्चिम भिंत तेवढी बंद ठेवून उत्तर, पूर्व आणि दक्षिण या बाजूंना त्याने कमानींच्या रांगा उभ्या केल्या, त्यांतून उजेड आणि वारा आत येतो. या तीन बाजूंनी फिरणाऱ्या रुंद पाखीतील (कडेच्या मार्गिकेतील) कमानी पाहण्याजोग्या आहेत : गाळा (दोन आधारांमधील अंतर) मोठा, पण आधाराचे खांब बुटके, त्यामुळे कमान जणू जमिनीलगतच उगवते. मधला भाग चौकोनी खणांत विभागलेला असून त्यावर ६३ लहान घुमट आहेत. चारही कोपऱ्यांवर त्यांहून मोठा एकेक घुमट आहे, आणि मेहराबीपुढील (किब्ल्याच्या भिंतीतील कोनाड्यापुढील) जागेवर सर्वांत मोठा. हा मुख्य घुमट उंच चौकोनी बैठकीवर उचललेला असल्याने खालच्या घुमटांच्या गर्दीतून वर उठून दिसतो. मुख्य प्रवेश उत्तरेकडील उंच कमानीतून आहे. मीनार नाहीत. नक्षीही फारशी नाही. सारा प्रभाव कमानींच्या ओळीमागून ओळी दिसत जाण्याचा आहे.

स्पेनमधील कॉर्दोबाच्या मशिदीशी हिची तुलना वारंवार केली जाते. ती वरवरची वाटते. कॉर्दोबाला मोठे प्रांगण आहे आणि तिचे मूळ छत लाकडी होते, येथे घुमटांचे छत आहे. दौलताबादच्या जुन्या जामा मशिदीशी केलेली तुलना अधिक उद्‌बोधक ठरते. ती प्रांगणाची, आणि मंदिरांचे खांब वापरून उभारलेली. रफीची रचना मुळापासून नव्याने आखलेली आहे.

पुढे १४२० च्या दशकात राजधानी बीदरला गेली. दख्खनमध्ये एवढ्या विस्ताराची पूर्ण छताची जामा मशीद पुन्हा झाली नाही. विजापूरची आदिलशाही जामा मशीददेखील प्रांगणाच्या जुन्या पद्धतीचीच आहे.