वाहनस्थ हौशी रेडिओ केंद्र (विदर्भ)

वाहनस्थ हौशी रेडिओ केंद्र : जिप्सी, बोलेरो, थार, गुरखा यांसारख्या खडतर रस्त्याच्या वाहनात कायम बसवलेला हौशी रेडिओचा (परवाना घेऊन छंद म्हणून केलेल्या बिनतारी संभाषणाचा) सेट, त्याचा वीजपुरवठा आणि अँटेना मिळून हे केंद्र होते. हौशी मंडळी त्याला नुसते ‘मोबाइल’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत वऱ्हाड, मेळघाट आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील जुळणीचा विचार केला आहे. सेट कोणत्या कंपनीचा, यापेक्षा तारा, अर्थिंग आणि उष्णता यांवरच येथे केंद्राचे यश ठरते.

इतिहास : मोटारीतून हौशी प्रक्षेपणाचे प्रयोग पाश्चात्त्य देशांत साधारणतः १९३० च्या दशकात ५ मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावर झाले असे मानतात. भारतात हौशी रेडिओचा प्रारंभ १९२१ च्या सुमारास धरला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर मोडीत निघालेले लष्करी सेट हौशींच्या हाती आले. त्यातले काही मुळात गाडीसाठीच घडवलेले होते. आजचा १२ व्होल्टवर चालणारा, समोरची पट्टी सुटी होणारा छोटा सेट ही अलीकडच्या काही दशकांतली सोय आहे.

वीजपुरवठा : अतिउच्च कंप्रतेचा (व्हीएचएफ, येथे १४४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा) ५० वॅटचा सेट प्रेषण करताना १० ते १२ अँपिअर आणि उच्च कंप्रतेचा (एचएफ, येथे ७ मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यांचा) १०० वॅटचा सेट २० ते २२ अँपिअर प्रवाह घेतो. डॅशबोर्डवरच्या लायटर सॉकेटची तार एवढ्यासाठी नसते, म्हणून पुरवठा थेट बॅटरीवरून घेतात. बॅटरीपासून सेटपर्यंत ४ मीटर अंतर धरले तर जाऊन-येऊन ८ मीटर तांबे होते. ४ चौ. मिमी. तारेत १२ अँपिअरला साधारण ०.४ व्होल्ट घट येते, ती चालते. त्याच तारेतून २२ अँपिअर घेतल्यास घट पाऊण व्होल्टवर जाते. १० चौ. मिमी. तार टाकल्यास ती ०.३ व्होल्टवर येते. हे आकडे २० अंश सेल्सिअसचे आहेत. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) बोनेटखाली तार ६० अंशांवर गेली की तिचा रोध सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो, म्हणून येथे एक माप जाड तार घेणे बरे. विद्युत्‌दाब साडेअकरा व्होल्टच्या आसपास उतरला की बरेच सेट बोलताना बंद पडतात किंवा आवाज फाटतो. मग दोष सेटला दिला जातो, असतो तो तारेचा.

पॉझिटिव्ह तारेचा फ्यूज (५० वॅटसाठी १५, १०० वॅटसाठी २५ ते ३० अँपिअर) बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. फ्यूज सेटजवळ लावला तर मधली सगळी तार असंरक्षित राहते, आणि पत्र्याच्या कडेला घासून ती उघडी पडली की आग लागते. इंजिन व केबिनमधल्या पत्र्यातून तार नेताना भोकात रबरी ग्रोमेट बसवावे, तारेच्या टोकाचे थिंबल (धातूची टोपी) दाबून मग झाळावे आणि तार फ्लेक्झिबल पाइपात घालावी. गाडी गोठ्यात (वऱ्हाडीत कोठ्यात) उभी राहत असेल तर हा पाइप उंदरांसाठीही लागतोच.

निगेटिव्ह तार कुठे जोडावी याबद्दल जाणकारांत जुना मतभेद आहे. पहिल्या मतानुसार दोन्ही तारा थेट बॅटरीच्या टोकांना न्याव्यात आणि दोहोंत फ्यूज घालावा. निगेटिव्हमधल्या फ्यूजचे कारण असे : बॅटरी आणि इंजिन यांमधली अर्थची पट्टी गंजली वा तुटली, तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह परतीची वाट शोधत सेटची निगेटिव्ह तार आणि अँटेनाच्या केबलचे कवच यांतून वाहू पाहतो. फ्यूज तेव्हा आडवा येतो. दुसरे मत असे, की बॅटरीची निगेटिव्ह केबल ज्या बोल्टवर बॉडीला मिळते तिथेच सेटची निगेटिव्ह जोडावी आणि तिच्यात फ्यूज नसावा. कारण तो फ्यूज उडाला तरी सेट बंद पडत नाही. त्याचा परतीचा प्रवाह ब्रॅकेट आणि केबलच्या कवचातून जात राहतो, आणि बिघाड लपून राहतो. शिवाय अलीकडच्या अनेक गाड्यांत निगेटिव्ह टोकावरच बॅटरीचा प्रवाह मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. थेट टोकाला जोडलेला भार त्याला दिसत नाही आणि बॅटरी किती भरली आहे याचा गाडीचा हिशेब चुकतो.

सेन्सर असलेल्या गाडीत दुसरी पद्धत अधिक ग्राह्य दिसते. पहिल्या मताची भीती मात्र विदर्भात निराधार नाही : काळ्या मातीचा चिखल चेसिसला धरून बसतो, महिनोन्‌महिने ओल टिकवतो, आणि अर्थच्या पट्ट्या खरोखरच कुजतात. त्यामुळे जुन्या जिप्सी-बोलेरोत कोणतीही पद्धत वापरली तरी दर पावसाळ्यानंतर अर्थचा बोल्ट उघडून, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करून, दातेरी वायसर घालून पुन्हा आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. तपासणीही सोपी आहे. इंजिन सुरू, हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून मल्टिमीटरने बॅटरीचे निगेटिव्ह टोक व सेटचा पत्रा यांमधला फरक मोजावा. तो ०.१ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थ कच्चा समजावा.

अँटेना : १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी पाव तरंगलांबीची काडी सुमारे ४९ सेंमी. भरते. छताच्या मध्यभागी बसवली तर ती सर्व दिशांना सारखी चालते आणि बांबूच्या फांद्यांना कमी अडकते. चुंबकी बैठक सोयीची खरी, पण तिच्याखाली मुरमाची धूळ शिरून रंग खरवडतो आणि पांदण रस्त्यावरच्या बाभळीची एक फांदी ती उचलून फेकते. कायमची बैठक, मुळाशी स्प्रिंग आणि नायलॉनचा नट हेच टिकते. कापडी हुडाच्या किंवा उघड्या जिप्सीला वर पत्राच नसतो. तिथे पाव तरंगाची काडी रोल बारवर लावून उपयोग नाही. बोनेटच्या कडेला ब्रॅकेट ठोकावे किंवा पत्र्यावर अवलंबून नसलेली अर्ध्या तरंगाची, सुमारे १ मीटरची अँटेना घ्यावी. अँटेनाच्या बारीक आरजी-५८ केबलमध्ये या पट्ट्यावर मीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल (शक्तीतील घटीचे माप) जाते, तेव्हा ५ मीटर केबल म्हणजे १ डेसिबल. जास्तीच्या केबलचे वेटोळे सीटखाली दडवण्यापेक्षा ती कापलेली बरी.

७ मेगाहर्ट्झचे प्रकरण वेगळे आहे. तेथे पाव तरंग साडेदहा मीटरचा होतो, गाडीवर मावते अडीच मीटरची काडी, आणि उरलेली लांबी कॉइलने भरून काढतात. अशा काडीचा प्रारण रोध (ज्यातली शक्ती खरोखर लहरी होऊन हवेत जाते तो रोध) जेमतेम एक ते तीन ओहम असतो. कॉइल आणि जमीन यांतली हानी त्याच्या कितीतरी पट असते, त्यामुळे शंभर वॅटपैकी दहा-पंधरा वॅटच हवेत गेले तरी समाधान मानावे. ही हानी कमी करायची तर गाडीचा सगळा पत्रा एकसंध करावा लागतो. चेसिसवाल्या गाड्यांत बॉडी रबरी बुशांवर ठेवलेली असते. ती चेसिसला, तसेच बोनेट, मागचे दार आणि सायलेन्सरचा पाइप बॉडीला रुंद, चपट्या तांब्याच्या विणीव पट्टीने जोडतात. येथे नवख्यांचा एक घोटाळा होतो : जुळणीचे साधन (सेटला हवा असलेला ५० ओहम रोध जुळवून देणारे) न लावता एसडब्ल्यूआर मीटर (हा रोध किती जुळतो ते दाखवणारा; १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.१ दाखवत असेल तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्यावी. चांगल्या जोडलेल्या काडीचा रोध वीस-पंचवीस ओहमच असायला हवा आणि मीटर २ च्या आसपास जायला हवा. १.१ म्हणजे बहुधा हानीच एवढी वाढली, की बेरीज ५० ओहम झाली.

पश्चिम विदर्भातली ओली काळी माती चांगली वाहक असल्याने पावसाळ्यात काडी अधिक कार्यक्षम होते, मीटर मात्र उलट बिघडलेला दिसू शकतो. भेगाळलेल्या उन्हाळी रानात आणि पूर्वेकडील खडकाळ, रेताड भागांत हानी वाढते.

पोहोच : सपाट शिवारात २ मीटर उंचीच्या दोन अँटेनांमध्ये रेडिओ-क्षितिज सुमारे १२ किमी. येते. मेळघाटच्या दऱ्यांत हे अंतर एखाद्या वळणावर संपते, तर चिखलदऱ्याच्या कड्यावरून खालच्या मैदानात शंभर किमी.पर्यंत दृष्टिरेषा मिळते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचा पूर गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता तोडतो. तिथून नागपूर हवाई मार्गाने सुमारे २५० किमी. आहे. या अंतराला अतिउच्च कंप्रता पोचत नाही आणि १४ मेगाहर्ट्झचा संदेश सहसा डोक्यावरून निघून जातो. दिवसा ७ मेगाहर्ट्झच उपयोगी पडतो. त्यासाठी संदेश जवळजवळ सरळ वर जाऊन आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युत्‌भारित थरावरून) खाली परतावा लागतो, पण उभी काडी सरळ वर फारसे प्रारण करत नाही. गाडी थांबवून दोन सागांमध्ये प्रत्येकी १० मीटरच्या दोन बाहूंची तार ३ ते ५ मीटर उंचीवर ताणली, तर तीच शक्ती कितीतरी जास्त काम करते. वादळी महिन्यांत मात्र या पट्ट्यावर विजेचा कडकडाट भरून असतो. ढग जवळ आले की केबल सेटमधून काढून ठेवावी.

कुरकूर (सेटमध्ये येणारा नको असलेला आवाज) : इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ अल्टरनेटरची, पेट्रोल गाडीतली टकटक प्लगची (रोधक प्लग लावावेत), डिझेलमधली बारीक करकर इंजेक्टरची. स्वस्त मोबाइल चार्जर आणि छतावरचे एलईडी बार हे अलीकडचे मोठे उपद्रवी होत. एकेक बंद करून दोषी शोधावा, त्याच्या तारेवर फेराइट (असा आवाज अडवणारे चुंबकी कडे) चढवावे.

उष्णता व पाणी : बहुतेक सेट ६० अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेले असतात. मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड ही मर्यादा सहज ओलांडतो. म्हणून सेटची सुटी पट्टी वर आणि पेटी सीटखाली ठेवतात, तीही तळापासून १० ते १५ सेंमी. उंच, नाहीतर रपट्यावरचे (ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरचे) पाणी प्रथम तिलाच गाठते. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या जादा बॅटरीची चार्जिंगची मर्यादा पुष्कळदा ४५ अंश असते. ती बोनेटखाली ठेवू नये.

कायदेशीर बाजू : १९७८ च्या हौशी सेवेच्या नियमांखाली परवाना लागतो आणि शक्ती व पट्टे त्याच्या श्रेणीनुसार ठरतात. परवान्याची प्रत गाडीत असावी. वनखाते आणि पोलीस यांचे स्वतःचे बिनतारी जाळे असल्याने हौशी पट्ट्याबाहेर बोलणारा ‘उघडलेला’ सेट बाळगू नये. व्याघ्र प्रकल्पात वनाधिकाऱ्यांची परवानगी आणि गडचिरोलीच्या आतल्या भागात पोलीस ठाण्याला आगाऊ सूचना ही रूढ खबरदारी आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातातले संपर्कसाधन वापरणे धोकादायक वाहनचालनात मोडते. त्यामुळे माइक शेजारच्याच्या हाती असतो आणि त्याचा हूक डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला ठोकतात.