शिकागो बेअर्स, 1985 चा संघ

अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमधील (एनएफएल) सर्वांत वरचढ विजेत्या संघांची चर्चा निघाली की 1985 च्या हंगामातील शिकागो बेअर्सचे नाव पहिल्या दोन-तीनांत येते. या संघाने साखळीतील 16 पैकी 15 सामने जिंकले. बाद फेरीतल्या पहिल्या दोन सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण घेऊ दिला नाही आणि 26 जानेवारी 1986 रोजी न्यू ऑर्लिन्स येथील विसाव्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा 46-10 असा धुव्वा उडवला. साखळीत त्यांनी 456 गुण केले आणि 198 दिले, म्हणजे सामन्यामागे सरासरी 16 गुणांची आघाडी. या यशाचे श्रेय बहुधा खेळाडूंच्या आक्रमक वृत्तीला दिले जाते. ते अर्धवट आहे. मैदानावरच्या माणसांचे गणित आपल्या बाजूला झुकवणारी बचावरचना आणि चेंडू दीर्घकाळ स्वतःकडे ठेवणारी चढाई, या दोहोंच्या मेळातून हे वर्चस्व घडले.

खेळाचा थोडा परिचय आवश्यक आहे. प्रत्येक बाजूचे 11 खेळाडू मैदानात असतात. पण क्रिकेटप्रमाणे तेच अकरा जण दोन्ही कामे करत नाहीत. चढाईचा आणि बचावाचा ताफा वेगळा असतो. चढाई करणाऱ्यांना चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, 10 यार्ड पुढे सरकावे लागते. तसे झाले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. चेंडू कोणाकडे द्यायचा की फेकायचा हे क्वार्टरबॅकच्या हाती असते. त्याने चेंडू फेकण्यापूर्वीच त्याला पाडले तर तो ‘सॅक’.

संघाची बांधणी

संघ एका वर्षात उभा राहिलेला नाही. त्या काळी खेळाडूंना संघ बदलण्याची मोकळीक जवळपास नव्हती आणि पगारखर्चावरची मर्यादाही आलेली नव्हती. त्यामुळे महाविद्यालयीन खेळाडूंची वार्षिक निवड, म्हणजे ड्राफ्ट, ज्याला साधली त्याला ते खेळाडू वर्षानुवर्षे मिळत. व्यवस्थापक जिम फिंक्स यांच्या कारकिर्दीत शिकागोने 1975 मध्ये चेंडू घेऊन धावणारे वॉल्टर पेटन, 1979 मध्ये डॅन हॅम्पटन, 1981 मध्ये माइक सिंगलटरी आणि 1982 मध्ये क्वार्टरबॅक जिम मॅकमॅहन यांना निवडले. 1983 ची निवड तर अफाट ठरली. जिम कोव्हर्ट, विली गॉल्ट, माइक रिचर्डसन, डेव्ह ड्युअर्सन, टॉम थेअर, मार्क बॉर्ट्झ आणि रिचर्ड डेंट हे सगळे त्याच एका वर्षी निवडले गेले. यांतले डेंट थेट आठव्या फेरीत, 203 व्या क्रमांकावर निवडले गेले होते. पुढे सुपर बोलमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्यांनाच मिळाला.

प्रशिक्षकांची जोडी मात्र विचित्र होती. बचावाचे प्रशिक्षक बडी रायन 1978 पासून संघात होते. 1981 च्या हंगामाच्या अखेरीस मुख्य प्रशिक्षक बदलणार हे दिसू लागताच बचावफळीतील खेळाडूंनी संघमालक जॉर्ज हॅलस यांना पत्र लिहून रायन यांना ठेवण्याची विनंती केली आणि हॅलस यांनी ती मानली. त्यानंतर माइक डिट्का मुख्य प्रशिक्षक झाले, पण बचावावर त्यांची हुकमत कधीच बसली नाही. दोघांचे पटत नसे. एका संघात दोन सत्ताकेंद्रे सहसा घातक ठरतात. इथे काही वर्षे तरी ते निभावले.

‘46’ बचावरचना

रायन यांच्या रचनेचे नाव सेफ्टीच्या, म्हणजे बचावाच्या सर्वांत मागच्या, जागी खेळणाऱ्या डग प्लँक यांच्या जर्सी क्रमांकावरून पडले. मांडणीतील खेळाडूंच्या संख्येशी त्याचा संबंध नाही. 1985 पर्यंत प्लँक निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेले टॉड बेल करारावरून त्या वर्षभर खेळलेच नाहीत, म्हणून ती जबाबदारी ड्युअर्सन यांच्याकडे गेली.

रचनेचा गाभा असा. चढाईच्या मधल्या तिघांसमोर, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू करणारा सेंटर आणि त्याच्या दोन बाजूंचे गार्ड यांच्यासमोर, बचावाचे तीन धिप्पाड खेळाडू उभे केले जात. हॅम्पटन, स्टीव्ह मॅकमायकल आणि हंगामाच्या उत्तरार्धात विल्यम पेरी ही कामगिरी करत. एरवी सेंटर शेजारच्या गार्डच्या मदतीने एकाच बचावपटूला दोघांत अडवतो किंवा गार्ड बाहेर धावून चेंडूवाल्याला वाट करून देतो. समोर प्रत्येकी एक जण ठाकला की या दोन्ही गोष्टी बंद. टाइट एंडच्या (ओळीच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि फेकीही झेलणारा खेळाडू) बाजूला ओटिस विल्सन आणि विल्बर मार्शल हे दोन्ही लाइनबॅकर, म्हणजे एरवी पहिल्या फळीच्या मागे उभे राहणारे बचावपटू, चाल जिथून सुरू होते त्या रेषेवर येत. दुसऱ्या टोकाला डेंट टॅकलच्याही (गार्डच्या बाहेरच्या अंगाला उभा राहून अडवणारा खेळाडू) बाहेर उभे राहत, म्हणजे त्या टॅकलला मोकळ्या जागेत त्यांना एकट्याने तोंड द्यावे लागे. शिवाय ड्युअर्सन खाली सरकत आणि मध्ये सिंगलटरी. रेषेजवळ अशी आठ माणसे जमली की धावत चेंडू नेणे कठीणच. त्यांपैकी कोण अंगावर येणार आणि कोण मागे हटणार हे चेंडू हलेपर्यंत कळत नसे. मागे उरत फेकी झेलणाऱ्यांवर लक्ष ठेवणारे दोन कॉर्नरबॅक आणि एकटे सेफ्टी गॅरी फेन्सिक.

ही मांडणी प्रत्येक डाउनला वापरली जात नव्हती. रायन ती इतर रचनांमध्ये मिसळत आणि तिचा खरा उपयोग त्या मिश्रणातच होता. सिंगलटरी समोरची मांडणी पाहून ऐन वेळी सहकाऱ्यांच्या जागा बदलत. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट बचावपटू तेच ठरले. हंगामभरात संघाने 64 सॅक केले, 34 फेकी मधल्यामध्ये पकडल्या आणि प्रतिस्पर्ध्यांनी गमावलेले 20 चेंडू उचलले. प्रतिस्पर्ध्यांना सामन्यामागे सरासरी 258 यार्डच मिळाले.

चढाई

बचावाच्या गाजावाजात चढाई झाकोळली जाते, हे अन्यायाचे आहे. शिकागोने त्या हंगामात 610 वेळा धावत चेंडू नेला आणि 2,761 यार्ड मिळवले. दोन्हींत तो संघ लीगमध्ये पहिला होता. पेटन यांचे त्यांत 1,551 यार्ड. धावण्यात घड्याळ चालू राहते आणि तेवढा वेळ आपला बचाव बाकावर विश्रांती घेतो. चौथ्या सत्रातही डेंट-विल्सन ताजेतवाने दिसत, त्यामागे हे कारण होते. त्यासाठी वाट काढणारे पाच जण डावीकडून कोव्हर्ट, बॉर्ट्झ, जे हिलगनबर्ग, थेअर आणि कीथ व्हॅन हॉर्न.

मॅकमॅहन यांचे आकडे सामान्य होते, 15 टचडाउन आणि 11 पकडल्या गेलेल्या फेकी. पण रेषेवर येऊन ठरलेली चाल बदलण्यात ते वाकबगार होते. त्यांनी सुरुवातीपासून खेळलेले 11 ही साखळी सामने संघाने जिंकले. फेकी झेलणाऱ्या गॉल्ट यांच्या वेगामुळे बचावाला एक माणूस कायम मागे ठेवावा लागे. नवख्या केव्हिन बटलर यांनी लाथेच्या जोरावर 144 गुणांची भर घातली.

हंगाम आणि अंतिम लढत

सलामीला टॅम्पा बेविरुद्ध 28 गुण खाल्ले, त्यामुळे पुढे काय होणार याची चाहूल तिथे मिळाली नाही. सहाव्या आठवड्यात गतविजेत्या सॅन फ्रान्सिस्कोला 26-10 असे हरवले. नोव्हेंबरात डॅलसला त्यांच्याच मैदानावर 44-0 आणि पुढच्या आठवड्यात अटलांटाला 36-0. बाद फेरीत न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध 21-0, तेही सोल्जर फील्डच्या अशा वाऱ्यात की जायंट्सच्या शॉन लँडेटा यांची लाथ चेंडूला नीट लागलीच नाही आणि शॉन गेल यांनी तो उचलून टचडाउन केला. लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध 24-0. रॅम्सच्या एरिक डिकरसन यांनी आधीच्या सामन्यात 248 यार्ड धावून काढले होते. शिकागोत त्यांना 46 च मिळाले.

सुपर बोलमध्ये दुसऱ्याच चालीत पेटन यांच्या हातून चेंडू निसटला आणि पेट्रियट्सने 3-0 आघाडी घेतली. पुढचा सामना एकतर्फी झाला. मध्यंतरापर्यंत पेट्रियट्सची चढाई उणे 19 यार्डांवर होती. त्यांचे क्वार्टरबॅक टोनी ईसन यांची सहापैकी एकही फेक यशस्वी झाली नाही आणि त्यांना मध्यंतरापूर्वीच बाहेर काढले गेले. संपूर्ण सामन्यात पेट्रियट्सने धावत फक्त 7 यार्ड काढले. एका यार्डावरून टचडाउन करण्याची संधी डिट्का यांनी पेरी यांना दिली, पेटन मात्र कोरडेच राहिले. त्याची चुटपुट शिकागोकरांना आजही आहे.

कुठे अडले

एकमेव पराभव 2 डिसेंबर 1985 रोजी मायामीत झाला, 38-24 असा. मायामीने तीन रिसीव्हर, म्हणजे फेकी झेलणारे खेळाडू, पसरवले. त्यांतल्या तिसऱ्यावर, नॅट मूर यांच्यावर, लाइनबॅकर मार्शल यांना धावावे लागले. वेगात तो मेळ बसणारा नव्हता. डॅन मरिनो यांनी एका बाजूला सरकत, दबाव पोहोचण्याआधी चेंडू सोडला. मध्यंतराला मायामी 31-10 ने पुढे होती. ‘46’ चे दुखणे नेमके हेच: धाड वेळेत पोहोचली नाही तर मागचे तिघे उघडे पडतात. पुढे लीगभर रिसीव्हर पसरवण्याची आणि झटपट आखूड फेकीची पद्धत रुळली तशी ही रचना मागे पडली. सेंटर आणि दोन्ही गार्ड झाकण्याची कल्पना मात्र टिकली.

सुपर बोलनंतर खेळाडूंनी डिट्का आणि रायन या दोघांनाही खांद्यावर घेतले. काही दिवसांतच रायन फिलाडेल्फियाचे मुख्य प्रशिक्षक झाले. तरीही त्यांच्या जाण्याने बचाव ढासळला असे म्हणता येत नाही. व्हिन्स टोबिन यांच्या हाताखाली 1986 मध्ये संघाने 198 पेक्षाही कमी, 187 गुण दिले आणि 14 सामने जिंकले. गाडी अडली ती क्वार्टरबॅकपाशी. मॅकमॅहन वारंवार जखमी होत. नोव्हेंबर 1986 मध्ये ग्रीन बेच्या चार्ल्स मार्टिन यांनी चेंडू सुटल्यानंतर त्यांना जमिनीवर आपटले आणि त्यांचा हंगाम संपला. बाद फेरीत डग फ्लुटी यांना उभे करावे लागले आणि वॉशिंग्टनने 27-13 ने घरच्या मैदानावर हरवले. 1987 मध्ये पुन्हा वॉशिंग्टन, 1988 मध्ये सॅन फ्रान्सिस्को. एवढ्या गुणवत्तेच्या संघाला एकच किताब मिळाला, तो यामुळे.

त्या खेळाची शारीरिक किंमतही मोठी होती. डेट्रॉइटचे जो फर्ग्युसन यांना बेशुद्ध पाडणाऱ्या मार्शल यांच्या धडकेचे त्या वेळी कौतुक झाले; आजच्या नियमांत तशा धडकेला दंड होतो. ड्युअर्सन यांनी 2011 मध्ये आत्महत्या केली. आपला मेंदू संशोधनाला द्यावा असे ते लिहून गेले होते. तपासणीत वारंवारच्या आघातांनी होणारा मेंदूचा विकार आढळला.