अंगठ्याकडचं मनगट दुखतंय? मग ते कार्पल टनेल नव्हे

कार्पल टनेल आता सगळ्यांना माहीत आहे, तळव्याकडच्या बाजूने मनगटातून जाणारी मीडियन नर्व्ह दबते आणि हाताला मुंग्या येतात, त्यावर जास्त बोलत नाही. पण हल्ली मनगट जरा दुखलं की "नस दबली" म्हणायचं आणि फार्मसीतून मनगटाचा पट्टा आणायचा, याचा मला खरंच वैताग आलाय. त्यातल्या कितीतरी जणींना डी क्वेर्वेन असतो, आणि तो टेंडनचा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचा आजार आहे, नसेचा नाही.

अंगठा हलवणारे दोन टेंडन मनगटाच्या कडेला, हाडाच्या उंचवट्यावरून, एका अरुंद आवरणातून जातात, परकराच्या नेफ्यातून नाडी जाते तसे. आवरण जाड झालं की टेंडन आत अडकतात आणि अंगठा हलवला की कळ येते. 1895 मध्ये स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेर्वेनने याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. बाळंतिणींना फार होतो, कारण बाळाच्या काखेत अंगठे घालून दिवसभर उचलणं चालू असतं. चवथीच्या तयारीत आदोळीवर नारळामागून नारळ खोवले, वर ओले कपडे पिळले, की आधीच कुरकुरणारं मनगट आणखी दुखतं.

आता नीट बघा, दुखतंय की बधिर होतंय? कार्पल टनेलमध्ये अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी सुटते, रात्री जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं. डी क्वेर्वेनमध्ये सहसा मुंग्या नाहीत, एक बोट ठेवून दाखवता येईल अशी जागा दुखते, आणि अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे हळूच वाकवलं की जीव जातो. हळूच म्हणजे हळूच, जोरात ओढलं तर धडधाकट माणसालाही दुखतं.

पट्ट्याची चूक इथेच होते. कार्पल टनेलचा पट्टा रात्री मनगट सरळ ठेवतो आणि अंगठा मोकळा सोडतो. डी क्वेर्वेनला अंगठाच बांधायला हवा, म्हणजे थंब स्पायका स्प्लिंट, मोकळा अंगठा दिवसभर तेच टेंडन ओढत राहतो.

तेल लावून तीच जागा रगडू नका. बाळाला तळवे खालून घालून उचला, अंगठे बोटांना चिकटवून. काही आठवड्यांत उतार नाही पडला तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, किंवा जवळच्या ऑर्थोपेडिककडे जा, त्या आवरणात दिलेल्या स्टिरॉइड इंजेक्शनने बऱ्याच जणांना आराम पडतो, ऑपरेशन थोड्यांनाच लागतं. आणि हातातून वस्तू पडायला लागल्या, अंगठ्याखालचा मांसल भाग बसायला लागला, तर ते नसेचं, तिथे वाट बघत बसू नका.