सीटीआर की सीटीटी? अमेरिकी नौदलातली दोन सारखी वाटणारी पदं

अमेरिकी नौदलात ‘क्रिप्टॉलॉजिक टेक्निशियन’, म्हणजे समोरच्याचे संकेत टिपून त्यांचा अर्थ लावणारा नौसैनिक, व्हायचं म्हटलं की सीटीआर (‘कलेक्शन’ शाखा) आणि सीटीटी (‘टेक्निकल’ शाखा) या दोन पदांत हमखास गल्लत होते. दोघांचं प्रशिक्षण फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला, कॉरी स्टेशनवर. दोघांनाही टॉप सीक्रेट मंजुरी लागते आणि दोघंही समोरच्याच्या रेडिओ लहरी टिपतात. मात्र सीटीआर टिपतो माणसांमधला संदेशव्यवहार, तर सीटीटी टिपतो मुख्यतः रडार. फरक किरकोळ वाटतो, पण कुणाच्या हाताखाली काम कराल, शिकवणार कोण आणि नौदल सोडल्यावर नोकरी कुठे मिळेल, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

सीटीटी बसतो जहाजाच्या सीआयसीत, म्हणजे लढाई जिथून चालवतात त्या अंधाऱ्या खोलीत. समोर एसएलक्यू-३२ या रडार टिपणाऱ्या यंत्रणेचा पडदा. नवं रडार उमटलं की चार गोष्टी बघायच्या: वारंवारता, दोन स्पंदांमधला (पल्समधला) काळ, स्पंदाची रुंदी आणि झोत किती वेळाने अंगावरून फिरतो. मालवाहू जहाजाचं रडार साधारण ९.४ गिगाहर्ट्झवर चालतं. अँटेना मिनिटाला २४ फेऱ्या घेत असेल, तर झोत दर अडीच सेकंदांनी येतो. तो फिरायचा थांबून आपल्यावरच खिळला, तर कुणीतरी नेम धरला असण्याची शक्यता. नवखा चुकतो तो नुसती वारंवारता बघून नाव ठोकून देतो म्हणून. त्याच पट्ट्याच्या आसपास मच्छीमार बोटीचं रडार असतं आणि क्षेपणास्त्राचंही असू शकतं.

इथे वेळ किती मिळतो? पाण्याला लगटून येणारं क्षेपणास्त्र २७ किलोमीटरवर क्षितिजाआडून वर आलं आणि सेकंदाला ३०० मीटर वेगाने निघालं, तर ९० सेकंद. तेवढ्यात ओळख पटवायची, मोठ्याने सांगायचं आणि नल्का (फसवं रॉकेट) किंवा चॅफ (धातूच्या बारीक पट्ट्यांचा ढग) असा चकवा सोडायची तयारी करायची. त्यामुळे विशीतला कनिष्ठ सीटीटी भर खोलीत अधिकाऱ्याला ठाम आवाजात सांगतो, आणि बोलायला कचरला तर त्याच्या अचूक मोजमापाला काही किंमत उरत नाही. त्याला घडवतो तो खुर्चीमागे उभा राहणारा चीफ, म्हणजे अनुभवी वरिष्ठ नौसैनिक: सराव घ्यायचा, संपताक्षणी चूक दाखवायची, पुन्हा घ्यायचा.

सीटीआरची खोली कुलूपबंद असते. जहाजावर तिला एसएसईएस म्हणतात आणि परवानगी नसलेल्याला आत पाऊल टाकता येत नाही. इथे घाईपेक्षा चिकाटी जास्त लागते. एका ठिकाणाहून घेतलेल्या वेधाने संदेश कुठल्या दिशेने आला एवढंच कळतं, अंतर नाही. वेधात ३ अंशांची चूक असेल तर १०० सागरी मैलांवर ती सुमारे ५ मैलांची होते. म्हणून दुसऱ्या जागेवरून दुसरी रेषा हवीच. मग येतो अहवाल, आणि खरी गोची तिथेच आहे. ‘ऐकलं काय’ आणि ‘मला वाटतं काय’ ही दोन वाक्यं एकात मिसळली की वाचणारा अंदाजालाच खरं धरून चालतो. दुसरा दोष म्हणजे गुप्ततेचा दर्जा इतका वर ठेवायचा की ज्याला माहिती हवी त्याच्यापर्यंत ती पोचूच नये. हे पुस्तकातून येत नाही. वरिष्ठाने मसुदा खोडून परत द्यावा लागतो. परंपरा जुनी आहे: १९२८ ते १९४१ या काळात वॉशिंग्टनमध्ये नौदलाच्या इमारतीच्या छतावर १७६ जणांना जपानी काना मोर्स (जपानी लिपीसाठीचा मोर्स कोड) टिपायला शिकवलं गेलं, आणि पहिला शिक्षक होता हॅरी किडर नावाचा चीफ.

दोन्हीकडे एक रोग समान: पात्रतेच्या पीक्यूएस पुस्तिकेत न शिकवताच सही करणं. नौदलात त्याला ‘गनडेकिंग’ म्हणतात. सही करणाऱ्याला पाच मिनिटं वाचतात आणि शिकणारा समुद्रात उघडा पडतो. शिवाय जो तुमचं मूल्यमापन लिहितो, त्याच्या एकट्याच्या सल्ल्यावर राहू नये. दुसऱ्या विभागातला एखादा चीफ गाठावा, तो सरळ बोलतो.

पुढची वाट बघायची तर सीटीटीच्या वाट्याला समुद्र जास्त येतो. त्याचा अनुभव रडार आणि इलेक्ट्रॉनिक युद्धसामग्री बनवणाऱ्या कंपन्यांत, चाचणी केंद्रांत चालतो. सीटीआरला मेरीलँडचं फोर्ट मीड, हवाई, जॉर्जिया, टेक्सास अशी किनाऱ्यावरची ठाणीही मिळतात, आणि पुढे एनएसएसारख्या (अमेरिकेची संकेत-गुप्तवार्ता संस्था) संस्थेत विश्लेषक होता येतं. चीफ झाल्यावर वॉरंट ऑफिसरचा (तांत्रिक तज्ज्ञ अधिकाऱ्याचा) रस्ता दोघांनाही आहे. पदवी घेतली तर क्रिप्टॉलॉजिक वॉरफेअर ऑफिसर होण्याचाही. संगणकजाळ्यांवरच काम करायचं असेल तर मात्र ही दोन्ही पदं सोडा. त्यासाठीचं सीटीएन हे पद २०२३ पासून सायबर वॉरफेअर टेक्निशियन या नावाने चालतं.

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. ग्रीनकार्डवर नौदलात जाता येतं, पण या पदांना नागरिकत्व लागतं. मंजुरीचा एसएफ-८६ फॉर्म गेल्या १० वर्षांचे पत्ते विचारतो. भारतातल्या ज्या काका-मामांशी नियमित बोलणं आहे त्यांची नावं, तिथलं बँक खातं, मुलाचं नाव लागलेला सातबारा, सगळं त्यात लिहायचं. आजोबांची दोन एकर असणं हा सहसा अडथळा नसतो. ती लपवली तर फाइल अडकते. भरतीची तारीख ठरायच्या आधीच ही कागदपत्रं गावाकडून मागवून ठेवा, तलाठ्याकडून उतारा यायला वेळ लागतो.